डावीकडची म्हैस

धोंडुबाईंनी फुलेवाडीच्या नाक्याअलीकडे भर रस्त्यात ब्रेक मारला. पट्टा बांधलेला होता म्हणून कुरणे मास्तरांचं कपाळ काचेपर्यंत पोचलं नाही.

"आता काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"डावीकडं म्हैस हाय."

"कुठं हाय म्हैस?" मास्तर समोर बघत म्हणाले. रस्ता रिकामा होता. "मावशी, असा उगंच ब्रेक मारायचा न्हाय. मागची गाडी येऊन बसंल अंगावर."

एवढं म्हणेपर्यंत डाव्या अंगाने एक दणकट म्हैस संथपणे पुढे आली आणि गाडीच्या नाकासमोरून रस्ता ओलांडून गेली. तिच्यामागून हातात किटली घेतलेला तिचा मालक गेला.

"बघा," मास्तर म्हणाले, "कशी एकदम आली ती."

धोंडुबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पहिला गिअर टाकला.

कृष्णात कुरणे तेवीस वर्षं कोल्हापुरात लोकांना गाडी शिकवत होते. त्यांच्या बाजूला जादा ब्रेक बसवलेली पांढरी गाडी रंकाळ्याच्या कडेने रोज सकाळ-संध्याकाळ फिरायची. गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांचं असं मत झालं होतं की शहरातली शिस्त पार गेली. पूर्वी माणूस, सायकल, जनावर लांबून येताना दिसायचं. हल्ली सगळं एकदम समोर उगवतं. गाडीचा डावा आरसा एका रिक्षावाल्याने तोडला, तोही एकदम आला होता. घराच्या फाटकाचा खांब बांधकामवाल्यांनी चार बोटं पुढे घेतला होता, म्हणून दाराला ओरखडा आला. बायको चहाचा कप डाव्या हाताला ठेवते आणि ठेवल्याचं सांगत नाही, म्हणून तो सांडतो. या सगळ्याला त्यांच्याकडे वेगवेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

त्यात दोन महिन्यांपूर्वी धोंडुबाई चुडमुंगे शिकायला आल्या. वय एकसष्ट. मूळच्या शिरोळच्या, आता मुलाकडे कोल्हापुरात. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं होतं, "मावशी, ह्या वयात गाडी कशापायी?"

"महापुरात अंगणात पाणी आलं तवा गाडी दारात हुती," धोंडुबाई म्हणाल्या. "चावी खिळ्याला हुती. ह्यांचा गुडघा मोडलेला, पोरगा हितं कोल्हापुरात. मी त्या चावीकडं बघत बसले दोन तास. मग ट्रॅक्टर आला शेजारचा, त्यातनं गेलो. गाडी वाहून गेली. आता ह्ये बी गेलं. पुन्यांदा चावीकडं बघत बसायचं न्हाय मला."

कारण मास्तरांना पटलं. पण शिकवणं वेगळं. धोंडुबाई प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी हलवायच्या नाहीत. शिवाय त्या सारखा ब्रेक मारायच्या. सायकल हाय म्हणायच्या, पोरगं हाय म्हणायच्या, आणि मास्तरांच्या लेखी तिथे काही नसायचं. तेवीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने त्यांना रस्त्यावर काय आहे ते सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस धोंडुबाईंचा मुलगा अमरसिंह ऑफिसात येऊन गेला. "मास्तर, तुम्हीच सांगा तिला, जमणार न्हाय म्हणून," तो म्हणाला. "माझं ऐकत न्हाय. उद्या कुठं धडकली म्हंजे?"

मास्तरांना एकदम मार्ग दिसला. वय झालेल्या माणसाचे डोळे हे असं कारण होतं की त्यात कुणाचा अपमान नव्हता.

मास्तरांची मुलगी दीक्षा डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. दवाखान्याची एक गाडी गावोगाव शिबिरं घेत फिरायची आणि दीक्षा तिच्यातला कॅमेरा चालवायची. माणसाने हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, एकदा लख्ख उजेड पडला की डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो निघतो. काचबिंदू असला तर तो फोटोत आधी दिसतो आणि माणसाला मागाहून कळतो, हे ती घरात दोन वर्षं सांगत होती. "पप्पा, एकदा बसा," म्हणायची. मास्तर दोन वर्षं एकच उत्तर द्यायचे. "माझी नजर सहा बाय सहा हाय. त्या चौकातल्या गाडीचा नंबर वाचून दाखवू?" आणि दाखवायचे. नंबर बरोबर असायचा.

गुरुवारी फुलेवाडीच्या समाजमंदिरात शिबिर होतं. मास्तरांनी आदल्या दिवशीच मुलीच्या कानावर घातलं. "एक मावशी आणतोय. वय झालंय. डोळं बघ आणि जरा समजावून सांग, आता गाडी पुरे म्हणून."

"फोटोत दिसंल तेच सांगणार," दीक्षा म्हणाली.

"त्येच सांग. दिसंलच की काहीतरी."

शिबिरात शंभरेक माणसं होती. धोंडुबाईंनी त्या यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि खुर्चीत बसायला नकार दिला. "उजेड पडल्यावर डोळ्याला काय झालं तर? आधी तुम्ही बसा."

"मी कशाला? माझं डोळं चांगलं हायत."

"चांगलं हायत तर भ्याचं काय त्यात?"

रांगेतले लोक बघत होते. मास्तर खुर्चीत बसले. बसण्याआधी त्यांनी खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला.

"केस येत न्हाईत ह्यात," दीक्षा म्हणाली. दोन वर्षांनी बाप समोर बसला म्हणून ती हसत होती. उजव्या डोळ्याचा फोटो झाला. डाव्याचा झाला. मग ती हसायची थांबली. तिने डाव्याचा पुन्हा घेतला. मग आणखी एकदा.

"हललो काय मी?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय," दीक्षा म्हणाली. "तुम्ही हलला न्हाईसा."

पडद्यावर नारिंगी गोल होता, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या आणि एका बाजूला फिकट पिवळी बशी. डोळ्यातली नस तिथून मेंदूकडे जाते. त्या बशीच्या मधोमध लहानसा खळगा असतो. दीक्षाने आजवर हजारो बशा बघितल्या होत्या. ही जवळजवळ सगळी खळगाच झाली होती. काठ तेवढा उरला होता, आणि तोही एका ठिकाणी नव्हता.

पण निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम होतं, मागे रांग होती, आणि समोर बाप कंगवा खिशात ठेवत होता. तिने काही न बोलता धोंडुबाईंना बसवलं. त्यांचे दोन्ही फोटो पहिल्याच झटक्यात झाले. यंत्रातून दोन कागद आले. एकावर तिने 'तपासणीसाठी यावे' असा लाल शिक्का मारला आणि दोन्ही मास्तरांच्या हातात ठेवले.

"पप्पा, लाल शिक्क्याचा कागद जपून ठेवा. सोमवारी सकाळी धा वाजता दवाखान्यात. काय वाटेल ते झालं तरी चुकवायचं न्हाय."

"येतो की."

"कळलं न्हवं तुम्हाला?"

"कळलं. मला आधीपास्नंच शंका हुती."

"आधीपास्नं?" दीक्षाचा आवाज चिरकला. "मग बोलला का न्हाईसा?"

"दोन महिनं बोलतोय. ऐकतंय कोण."

दीक्षा काही विचारणार होती, पण रांगेतल्या एका आजोबांनी हनुवटी टेकवायच्या जागी काठी टेकवली आणि ती तिकडे धावली. दुपारी शिबिर उरकलं आणि दवाखान्याची गाडी तशीच गगनबावड्याला गेली. तिथे रविवारपर्यंत मुक्काम होता.

कागदावरचं नाव बारीक इंग्रजी अक्षरांत होतं. जवळचं वाचायला मास्तरांना चष्मा लागायचा, पण ते तो घरी ठेवत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या नाकावर चष्मा शोभत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दोन कागदांपैकी लाल शिक्का कुणाचा असणार, हे ठरवायला त्यांना चष्म्याची गरज वाटली नाही. शिक्क्याचा कागद त्यांनी धोंडुबाईंना दिला आणि दुसरा घडी करून गाडीच्या कप्प्यात टाकला.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "काचबिंदू दिसतोय. सोमवारी मी सोबत येतो. तवर गाडीचं ऱ्हाऊ द्या."

धोंडुबाईंनी कागद उलटसुलट करून बघितला. "लई हाय काय?"

"तसा बराच. लाल शिक्का मारलाय."

 कागद त्यांनी पिशवीत ठेवला आणि चालत घरी गेल्या. मास्तरांना त्यांची कीव आली. त्याचबरोबर मोकळंही वाटलं, आणि त्या मोकळेपणात त्यांनी चहाच्या गाड्यावर चार लोकांना ही हकीकत सांगितली. चार लोकांनी ती चाळीस लोकांपर्यंत पोचवली. संध्याकाळपर्यंत धोंडुबाईंच्या दारात गल्ली जमली. कुणी गाजरं आणली, कुणी पालक, कुणी मध. एका बाईंनी तर त्यांच्यासमोर दोन बोटं धरून किती आहेत म्हणून विचारलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मास्तर गाडी पुसत होते. मागे बघतात तर धोंडुबाई उभ्या.

"मावशी, तुम्हाला सांगितलं न्हवं, गाडीचं ऱ्हाऊ द्या म्हणून?"

"डोळं जायाच्या आत शिकून घेतो," धोंडुबाई म्हणाल्या. "आता सकाळचा बी तास घ्या आणि संध्याकाळचा बी. सोमवारपातूर दुसऱ्या कुणाला घेऊ नका. मला येळ कमी हाय."

ज्या बाईला घालवायचं म्हणून एवढा खटाटोप केला ती आता दिवसातून दोनदा येणार होती. आणि डोळे जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मास्तरांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी बाकीच्या विद्यार्थ्यांना फोन करून सोमवारनंतर यायला सांगितलं.

धोंडुबाईंनी येताना पिशवीभर गाजरं आणली होती. "घरात लई झाल्यात. तुम्हीच खावा. डोळ्याला बरी असत्यात."

"मला काय करायच्यात? तुम्ही खावा."

"मी बी खातो. तुम्ही बी खावा."

तेव्हापासून गाडीत धोंडुबाई सतत बोलू लागल्या. पूर्वी त्या नुसता ब्रेक मारायच्या. आता आधी सांगायच्या. डावीकडं हातगाडी हाय. डावीकडं शाळेची पोरं हायत. डावीकडं एक म्हातारा हाय, थांबतो. मास्तरांना वाटलं, बिचारीला भीती बसली. नसलेलंही दिसायला लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं की आपण रागवायचं नाही.

शनिवारी दुपारी दीक्षाचा फोन आला. गगनबावड्याला पावसाची झोड होती आणि आवाज तुटत होता.

"पप्पा, घरात सांगितलासा काय?"

मास्तरांना तेवढं 'सांगितलासा काय' ऐकू आलं. "त्याच दिवशी सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"गप्प बसली जरा. काय म्हणणार? आता गाजरं खायला चालू केल्यात."

आईने गाजरं आणली असावीत असं दीक्षाने समजून घेतलं.  "आणि तुम्ही गाडी चालवाय लागलाय काय?"

"मी कुठं चालवतोय? मी नुसता शेजारी बसतोय."

दीक्षाला हायसं वाटलं. बापाने एवढं निमूटपणे घेतलं याचं तिला नवलही वाटलं. "सोमवारी भेटू," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

त्याच संध्याकाळी ते घडलं. गाडी एका गल्लीच्या तोंडाशी होती. धोंडुबाई थांबल्या.

"डावीकडं म्हैस हाय."

मास्तरांनी रागवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ते शांतपणे म्हणाले, "मावशी, कुणी न्हाय. मनाचा खेळ असतोय ह्यो. चला तुम्ही."

"म्हैस हाय, मास्तर."

"मी बसलोय न्हवं डावीकडं? माझ्या खिडकीला हाय आणि मला दिसणार न्हाय व्हय? चला."

धोंडुबाईंनी गाडी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले. त्या शांततेत मास्तरांच्या कानाशी एक मोठा, ओला सुस्कारा ऐकू आला. मग त्यांच्या खांद्यावर गरम काहीतरी टेकलं. मास्तरांनी मान वळवली. म्हशीने अर्धं तोंड खिडकीतून आत घातलं होतं आणि ती त्यांच्या सदऱ्याची बाही चाटून बघत होती.

"पावणं, चावत न्हाय ती," बाहेरून मालक म्हणाला. "पण एवढं जनावर आलं तरी काच वर घेतली न्हाईसा. दिसली न्हाय काय?"

"दिसली की," मास्तर म्हणाले.

 म्हैस गेल्यावर धोंडुबाईंनी गाडी चालू केली आणि मास्तरांना घरापर्यंत सोडलं.

रविवारी सकाळी मास्तर एकटेच चालत रंकाळ्यावर गेले. बाकावर बसून त्यांनी समोर उभ्या असलेल्या एका गाडीचा नंबर वाचला. स्पष्ट दिसला. मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. नंबर तेव्हाही दिसला, चारही आकडे. पण गाडी कुठे संपते ते कळत नव्हतं. शेजारी झाड होतं, ते नव्हतं. झाडाच्या जागी अंधार नव्हता, काळं काही नव्हतं. झाडाच्या जागी काहीच नव्हतं, आणि काहीच नाही याचा त्यांना आजवर पत्ता लागला नव्हता. त्यांनी हात काढला. झाड आलं. पुन्हा झाकला. झाड गेलं.

असं त्यांनी पंधरा-वीस वेळा केलं. एक फिरायला आलेले गृहस्थ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसणार होते, ते पुढे निघून गेले. मास्तरांनी मग डोळ्यात कचरा गेल्यासारखा रुमाल फिरवला आणि घरी आले. जेवताना बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "उद्या दवाखान्यात जायचंय, त्या मावशींना घेऊन."

सोमवारी दहा वाजता दवाखान्याच्या बाकावर मास्तर आणि धोंडुबाई शेजारी शेजारी बसले होते. दीक्षा धावत आली. तिने वडिलांचा हात धरला, मग धोंडुबाईंकडे बघितलं. "ह्या कशाला आल्यात?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. "कृष्णात कुरणे."

मास्तर उठले नाहीत.

"जावा," धोंडुबाई म्हणाल्या. "तुम्हालाच बोलिवलंय." त्यांनी पिशवीतून लाल शिक्क्याचा कागद काढला. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सांभाळला होता. "ह्यो घेऊन जावा. तुमचा हाय."

"तुम्हाला म्हाईत हुतं?"

"गुरुवारी रात्रीच नातीनं वाचून दाखवला. म्हणाली, आज्जी, ह्याच्यावर तुझं नाव न्हाय, के कुरणे लिवलंय. तिला शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून."

"मग मला तरी सांगायचं."

"मानलं असतासा?" धोंडुबाईंनी विचारलं. "पोटच्या पोरीचं दोन वर्सं ऐकलं न्हाईसा, मी कोण? भांडून सोमवारी आलाच नसतासा. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न हाय. तवर डावीकडं मी बघतो. दुसरी पोरं गाडीत नकोत म्हणून दोन-दोन तास घेतलं."

 मग मास्तरांनी जे सांगितलं ते सांगायची गरज नव्हती, पण त्यांना राहवलं नाही. "मावशी, मला वाटलं तुम्हालाच झालंय. आणि मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं."

"कळलं हुतं मला," धोंडुबाई म्हणाल्या. "तोंडावर दिसत हुतं. जावा आता, डॉक्टर वाट बघायल्यात."

आत डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला. बाजूची नजर तपासायच्या यंत्रासमोर बसवून हातात एक बटण दिलं. ठिपका दिसला की दाबायचं. मास्तरांनी डावा डोळा लावला. आधी भराभर ठिपके आले. मग बराच वेळ एकही आला नाही. त्यांना वाटलं यंत्र बंद पडलं. त्यांनी तसं विचारलंही. यंत्र चालू होतं. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डॉक्टरांनी आतली नस बघितली.

डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीचशी गेली होती. उजव्याची आत्ता कुठे जायला लागली होती. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं थेंबांनी राखता येणार होतं, पण थेंब रोज घालायचे, कायमचे. गाडी चालवायची नाही, शिकवायची नाही.

"मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून पेशंट आमच्याकडे येतच नाहीत. दोन वर्षं आधी फोटो काढला असता तर..." त्यांनी दीक्षाकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

बापलेक बाहेर आले. मास्तरांना सगळं धूसर दिसत होतं. दीक्षाने धोंडुबाईंना थोडक्यात सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ह्ये रक्तातनं येतं व्हय?"

"येऊ शकतं. भावंडांनी, मुलांनी तपासून घ्यायला पायजे."

"मग तुझा फोटू कुणी काढलाय?"

 दीक्षाने तीन वर्षांत कुठल्या कुठल्या गावांतले डोळे त्या खुर्चीत बसवले होते, स्वतः ती एकदाही बसली नव्हती. ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असायची, आणि त्या बाजूच्या माणसाला कुणी विचारत नाही. बापाजवळ दोन वर्षं धरलेला हट्ट आठवून तिने इकडेतिकडे बघितलं.

"नंतर काढीन," ती म्हणाली.

"आत्ता," मास्तर म्हणाले.

दवाखान्यातल्या दुसऱ्या मुलीने यंत्र चालू केलं. दीक्षाने हनुवटी टेकवली, आणि ज्या ठिपक्याकडे बघा म्हणून ती दिवसभर लोकांना सांगायची त्या ठिपक्यावर तिची नजर ठरेना. दोन फोटो हलले. मास्तर चाचपडत खुर्चीजवळ गेले आणि गाडीत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "समोर बघ. इकडंतिकडं मन न्यायचं न्हाय. हां. तशीच ऱ्हा."

फोटो आला. बशी भरलेली होती, खळगा लहान. डॉक्टरबाईंनी बघून सांगितलं, स्वच्छ आहे. दरवर्षी एकदा काढत जा. मास्तरांना त्या फोटोतलं काही दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले.

परत जायचं कसं हा प्रश्न होता. मास्तरांचे डोळे थेंबांनी भरलेले, दीक्षाला गाडी येत नव्हती, येताना धोंडुबाईंनी चालवली होती पण त्यांच्याकडे शिकाऊ लायसन, शेजारी शिकवणारा नसताना ते चालत नाही. गाडी दवाखान्यातच ठेवून तिघं रिक्षा स्टँडवर आले. पहिल्या रिक्षात गुंडू नावाचा चाळिशीचा माणूस बसला होता. "बसा पावणं, कुठं जायचं?"

मास्तर आणि दीक्षा बसले. धोंडुबाई बसल्या नाहीत. "तुझ्या डोळ्याचा फोटू काढलायस काय?" त्यांनी विचारलं.

"कसला फोटू?"

"डोळ्याच्या आतला."

"आज्जी, मला सगळं दिसतंय. त्या पाटीवरचं वाचून दाखवू?"

"वाचून दाखवणाऱ्यालाच घेऊन आलोय मी दवाखान्यातनं," धोंडुबाई म्हणाल्या, आणि रिक्षा डोळ्यांसमोरून जाऊ देऊन चालत घरी गेल्या.

मास्तरांनी गाडीवर शिकवायला आपला पुतण्या संघर्ष याला बसवलं. स्वतः ऑफिसात बसून खुणा आणि नियम शिकवू लागले. पहिले दोन आठवडे ते चिडचिडे झाले होते. थेंब घालायची वेळ टाळायचे, बायकोशी बोलायचे नाहीत. मग धोंडुबाई एकदा संध्याकाळी येऊन समोर बसल्या आणि थेंब पडेपर्यंत उठल्या नाहीत. पुढे ते आपले आपण घालू लागले. धोंडुबाईंना पहिल्या परीक्षेत रिव्हर्स जमला नाही, दुसरीत जमला. लायसन हातात आल्यावर अमरसिंहने गाडीची चावी काढून आईच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि त्याला सांगितलं की जोवर तो डोळ्यांचा फोटो काढत नाही तोवर तिच्या डाव्या बाजूला बसायचं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी काढून आला.

रिक्षा स्टँडवर मात्र धोंडुबाईंचा त्रास वाढत गेला. येता-जाता त्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायच्या, तेही गिऱ्हाईकासमोर. शेवटी रिक्षावाल्यांनी मिळून ठरवलं की एकदा तो फोटो काढून टाकावा म्हणजे आज्जी तोंड बंद करेल. दीक्षाने शेजारच्या तालमीत शिबिर लावलं. बावीस जण आले. रांग लावायला, घाबरणाऱ्यांना खुर्चीत बसवायला आणि समोर बघ म्हणायला कुरणे मास्तर होते.

बावीसपैकी एकवीस जण हसत बाहेर गेले. गुंडू हातात कागद घेऊन दाराशी उभा राहिला. कागदावर लाल शिक्का होता. डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की ही अगदी सुरुवात आहे, नजर अजून काहीच गेलेली नाही, थेंब चालू केले तर रिक्षाही सुटायची नाही. पण गुंडूने यातलं पहिलं वाक्यही ऐकलेलं दिसत नव्हतं. तो मास्तरांजवळ आला.

"मास्तर, काहीतरी चुकलंय ह्यांचं," तो म्हणाला. "मला तर सगळं दिसतंय."

"मला बी दिसत हुतं," मास्तर म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी त्याला जागा करून दिली.